हजाराच्या पेटीची मोजदाद

माल कमी भरला गेला की ग्राहकाचे पत्र येते, जास्त भरला गेला की सहसा कोणाचेच येत नाही. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, ज्या नटबोल्टांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात माझी बरीच नोकरी गेली, तेथे तक्रारवही हीच चुकांची वही असे दीर्घकाळ मानले गेले. हजार बोल्टांच्या पेटीत चारसहा नग कमी निघाल्याच्या तक्रारी एका मोठ्या ग्राहकाकडून वारंवार येऊ लागल्या, तेव्हा वरिष्ठांनी केलेली तजवीज अशी की, प्रत्येक पेटीत थोडे नग वरून घालावेत. तक्रारी थांबल्या. पण वर्षअखेरीस गोदामातील शिल्लक आणि वहीतील शिल्लक यांचा मेळ बसेना, आणि संशय प्रथम, नेहमीप्रमाणे, रखवालदारावर व हंगामी मजुरांवर गेला, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

दोष होता काट्याच्या वापरात. असला बारीक माल कोणी हाताने मोजत नाही. काही नग ठेवून त्यांचे वजन इलेक्ट्रॉनिक काट्यास दाखवायचे, आणि पुढे तो एकूण वजनास त्या सरासरीने भागून संख्या सांगतो. आमचा बोल्ट सुमारे 12 ग्रॅमांचा, काटा एका ग्रॅमापर्यंत वाचणारा, आणि नमुना मात्र अवघ्या 10 नगांचा. अर्थात् त्या 120 ग्रॅमांत अर्ध्या ग्रॅमाचा फरक सहज लपतो, आणि तोच हजाराच्या पेटीत चार नगांचा होऊन बसतो, कधी उणा तर कधी अधिक. नमुना 100 नगांचा घेतला असता हाच फरक अर्ध्या नगाच्याही आत राहिला असता. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का होता, म्हणून कोणास शंकाच आली नाही. वस्तुतः तो शिक्का वजनाची ग्वाही देतो, संख्येची नव्हे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, नमुना मोठा घ्यावा, आणि लॉट बदलला की तो नव्याने घ्यावा. तारेचे नवे वेटोळे, झिजलेला साचा, जस्ताचा कमीअधिक मुलामा, न निथळलेले तेल, यांपैकी कशानेही नगाचे वजन एक टक्क्याने बदलले तर हजारात दहा नगांचा घोळ होतो. दोन लॉट एका पेटीत मिसळू देऊ नयेत ते याच कारणाने. रिकाम्या खोक्याचा धडाही एकदा करून वर्षभर चालवू नये. पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो. 400 ग्रॅमांच्या खोक्यात चार टक्के ओल वाढली की 16 ग्रॅम वाढले, म्हणजे उन्हाळ्यातील धड्यावर भरलेल्या पेटीत आमचा एक बोल्ट कमीच पडणार.

पाळी बदलताना अर्धवट राहिलेली पेटी, ‘एवढे भरले आहेत’ या तोंडी निरोपावर पुढच्या माणसाने कधीही पुरी करू नये. ती रिकामी करून पुन्हा मोजावी. पेट्यांवरील चिठ्ठ्या मोजून द्याव्यात आणि उरलेल्या मोजून परत घ्याव्यात.

नट, बोल्ट आणि वॉशर अशा संचाच्या पिशव्यांना तर काटा निरुपयोगीच, कारण जड बोल्टांच्या वजनातील स्वाभाविक फरकात हलका वॉशर दिसेनासा होतो. येथे जपानच्या शिगेओ शिंगो यांची 1961 मधील युक्ती मला सर्वोत्तम वाटते: एका कारखान्यात लहानशा स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि त्यांतील एखादी राहून जाई, त्यांनी दोन्ही स्प्रिंगा आधी एका तबकडीत काढून ठेवायला लावल्या, म्हणजे तबकडीत उरलेली स्प्रिंग स्वतःच विस्मरण सांगे. आम्ही खाचांची तबके केली, आणि रिकामी राहिलेली खाच पिशवी भरण्यापूर्वीच दिसू लागली.

एकामागून दुसऱ्याने तपासावे, या बहुमान्य उपायावर माझा फारसा विश्वास नाही. पहिला दुसऱ्यावर विसंबतो, दुसरा पहिल्यावर. त्यापेक्षा रवानगीपूर्वी काही पेट्या चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, पॅकिंगबाहेरच्या माणसाकडून हाताने मोजवाव्यात, आणि उणे-अधिक दोन्ही आकडे वहीत लिहावेत. मात्र या आकड्यांवरून कोणाचा पगार कापू नये. आमच्याकडे एकदा तो कापला गेला, आणि त्यानंतर कित्येक महिने वहीत प्रत्येक पेटी बरोबर हजाराची भरली.