अबोल मुलाचा निर्णय

समजा, दिव्याच्या शाळेत एक मुलगा आहे. तो बोलत नाही व सांकेतिक भाषाही जाणत नाही. परंतु नावडती वस्तू दूर सारतो, आवडती दिसताच हुंकार देतो. हे त्याचे बोलणेच होय. तरीही कोणाशेजारी बसावे, सहलीस जावे की नाही, हे बहुधा इतरच ठरवून टाकतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम १३ दिव्यांगास इतरांप्रमाणेच कायदेशीर क्षमता मान्य करते. प्रौढपणी मर्यादित पालक नेमावा लागला, तरी कलम १४ प्रमाणे त्याने त्या व्यक्तीच्या इच्छेनुसारच वागावयाचे असते. ती इच्छा ओळखण्याचा अभ्यास शाळेतच सुरू व्हावा.

प्रथम मुलाची खूण, तिचा प्रसंग व घरच्यांनी सांगितलेला अर्थ वहीत नोंदवावा. मग दोन खऱ्या वस्तू समोर धरून एकच प्रश्न विचारावा व सावकाश थांबावे. काही वेळाने वस्तूंच्या बाजू बदलून पुन्हा विचारावे. एकाच बाजूस हात नेण्याची केवळ सवय असेल, तर ती येथे उघड होते. सहलीविषयी विचारण्यापूर्वी मुलास घरच्यांसह दिवा स्थानकावर नेऊन गाडी व गर्दी दाखवावी. अनुभवावाचून निवड होत नाही. नकार हेही उत्तरच समजावे. शंका राहिल्यास पुन्हा विचारावे, अर्थ लादू नये.

वर्ग बदलताना ही वही पुढील शिक्षकांच्या हाती द्यावी. ती मागे राहिली, तर बोलू लागलेला मुलगा नव्या वर्गात पुन्हा मुका ठरतो.