रसायनाआधीचं गणित

चि. सोनूस,


बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलंस हे तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं. लगेच काळजीही बोलून दाखवली, की दहावीनंतर पोरीने गणित सोडलंय, आता निभणार कसं? आपल्या घराण्यात गणित नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. तू ते मनावर घेऊ नकोस. वाण्याच्या यादीची बेरीज वाण्याआधी तोंडी करणारा माणूस हे बोलतो आहे.

पहिल्या वर्षाच्या वर्गाला बरीच वर्षं शिकवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. गणिताऐवजी जीवशास्त्र घेतलेली बी ग्रुपची मुलं कॅल्क्युलसपाशी अडतात असं म्हणतात, पण बहुतेक जण अडतात ते त्रैराशिकापाशी. रसायनाला लागणारं गणित बरंचसं आठवी ते दहावीचं आहे. ते तू शिकलेली आहेस, फक्त हाताला राहिलेलं नाही. म्हणून कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या या सुट्टीत अकरावी-बारावीचं गणित नव्याने उरकायच्या भानगडीत पडू नकोस.

सुरुवात घातांकापासून कर. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे ०.०५ ग्रॅमचा. एक मोल पाणी १८ ग्रॅम, आणि एका मोलमध्ये रेणू ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात. मग एका थेंबात रेणू किती? उत्तर साधारण १.६७ गुणिले १०चा २१वा घात असं येतं. हे कॅल्क्युलेटर न घेता, कागदावर, दोन-चार वेळा कर. उणे घातांकाने भागताना चिन्ह बदलतं, हे बीजगणिताच्या पेपरात सगळ्यांना येतं आणि समतोल स्थिरांकाच्या उदाहरणात निम्म्या वर्गाचं चुकतं.

त्यानंतर एककं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात. तुला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं २५० मिलिलिटर द्रावण करायचं आहे असं धर. सूत्र आठवत बसू नकोस. लिटरला ०.१ मोल, आपल्याला हवा पाव लिटर, म्हणजे ०.०२५ मोल. एका मोलला ४० ग्रॅम, म्हणून १ ग्रॅम. प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक लिही आणि एककंही आकड्यांसारखीच छेदून टाक. शेवटी ग्रॅम उरले तर मांडणी बहुधा बरोबर आहे, ‘ग्रॅम प्रति लिटर’ उरलं तर कुठेतरी गुणायचं राहिलं आहे. वायुस्थिरांक एका पुस्तकात ८.३१४ आणि दुसऱ्यात ०.०८२१ दिसला की मुलं गोंधळतात. पहिला जूलमध्ये आहे, दुसरा लिटर-वातावरणात, स्थिरांक एकच. तापमानही केल्विनमध्ये घ्यायचं. २५ अंशांवरून ५० अंशांवर गेलेला वायू दुप्पट तापलेला नसतो. तो २९८वरून ३२३वर गेलेला असतो.

आता लॉग. बारावीच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे लॉग टेबल तुला बघता येतं. मीन डिफरन्स मिळवायचा, अँटिलॉग काढायचा, सगळं येतं. पण टेबल बघता येणं वेगळं आणि लॉग म्हणजे काय हे कळणं वेगळं. लॉग म्हणजे दहाचा कितवा घात, एवढंच. २चा लॉग ०.३०१०, ३चा ०.४७७१ आणि ७चा ०.८४५१ हे तीन पाठ कर. ४, ५, ६, ८, ९ यांचे लॉग त्यांतूनच निघतात, कसे ते तू शोधून काढ. पाचाने जरा विचार करायला लागेल.

सोरेनसेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत याच लॉगवर बेतलेली पीएचची मोजपट्टी मांडली. ती बिअरच्या कारखान्याची प्रयोगशाळा होती, आंबवण्याच्या कामात आम्लता नेमकी कळणं त्यांच्या गरजेचं होतं. उणे घातांकांची लांबलचक संख्या दर वेळी लिहिण्यापेक्षा तिचा लॉग घ्यावा, चिन्ह उलटवावं आणि सुटसुटीत आकडा वापरावा, हा त्यातला विचार. म्हणून पीएच ५वरून ३वर आला की हायड्रोजन आयन दोनाने नाही, शंभर पटींनी वाढतात. हे ज्याच्या अंगवळणी पडलं त्याला बफरचा धडा सोपा जातो.

लॉग घेतला म्हणून डोकं बाजूला ठेवायचं नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती १०चा उणे ८वा घात मोलर असेल, तर २५ अंशांना पीएच किती? वर्गात विचारलं की एका सुरात उत्तर येतं, ८. आम्लात पाणी वाढवत गेलं तर ते अल्कधर्मी होईल का? इतक्या विरळ द्रावणात पाण्याचे स्वतःचे आयन जास्त भरतात, ते धरावे लागतात, आणि धरले की समोर वर्गसमीकरण उभं राहतं. दहावीतलंच वर्गसमीकरण. सोडवलं की पीएच ६.९८ येतो.

आलेखालाही शाळेतलंच गणित पुरतं. निर्देशक भूमितीत रेषेचा चढ काढलास, तो इथे कामाला येतो. वक्र दिसला की त्याची सरळ रेषा कशी करता येईल हे बघायचं, ही रसायनवाल्यांची जुनी खोड आहे. अऱ्हेनियसच्या समीकरणात अभिक्रियेच्या वेगस्थिरांकाचा नैसर्गिक लॉग उभ्या अक्षावर आणि केल्विन तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर घेतला की रेषा मिळते, तिच्या चढावरून सक्रियण ऊर्जा कळते. एखादी अभिक्रिया २९८ केल्विनवरून ३०८ला नेली आणि तिचा वेग दुप्पट झाला, तर ही ऊर्जा मोलला सुमारे ५३ किलोजूल येते. हे उदाहरण स्वतः सोडव, कारण त्यात व्यस्त, वजाबाकी, लॉग आणि एककं सगळीच येतात. नैसर्गिक लॉग हवा असेल तर साध्या लॉगला २.३०३ने गुणायचं. अर्धायुष्याच्या सूत्रातला ०.६९३ कुठून आला, तेही मग तुझं तुलाच दिसेल.

कॅल्क्युलसचं फार मनाला लावून घेऊ नकोस. एखादी राशी किती वेगाने बदलते ते सांगणारं अवकलन, आणि एक छेद क्ष याचं समाकलन केलं की नैसर्गिक लॉग येतो, एवढ्यावर पहिल्या वर्षातला बराच पल्ला गाठता येतो. पुढे ऊष्मागतिकी आणि पुंजरसायन येईल तेव्हा जास्त लागेल, तेव्हाचं तेव्हा.

कॅल्क्युलेटर घेशील तो सायंटिफिक घे आणि घातांकासाठी त्यावरची वेगळी कळ वापरायला शीक. गुणिले, दहा, घात असं एकेक दाबलं की भागाकारात कंस सुटतो आणि उत्तर लाखो पटींनी चुकतं. कुठलंही बटण दाबण्याआधी उत्तर साधारण दहाच्या कितव्या घातात येईल याचा अंदाज कागदाच्या कडेला लिहून ठेव. सगळे दशांश उतरवून काढायचा मोहही आवर. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असताना उत्तरात सहा दशांश लिहिलेले पाहिले की परीक्षकाला कळतं, हिने ब्युरेट पाहिलं नाही, पडदा पाहिला.

आणि इंटरनेटवरचे ते शिकवणीचे व्हिडिओ. बघ हवे तर, पण बघितलेलं उदाहरण सोडवलेल्यात धरू नकोस. रोज अर्धा तास, पेन्सिल आणि पाठकोरे कागद. आठवीचे घातांक आणि चलन, नववीतलं गुणोत्तर व प्रमाण, दहावीची वर्गसमीकरणं, एवढे धडे काढ. पुस्तकं रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

थेंबाचं, पीएचचं आणि ५३ किलोजूलचं अशी तिन्ही उदाहरणं झाली की कागदाचा फोटो मला पाठव. उत्तरं मी वर लिहूनच दिली आहेत, तेव्हा मला पायऱ्या हव्यात, एककांसकट.

तुझी,
आत्या