डिबेट संपली की लगेच फोन उचलू नकोस

अगं, टीव्हीवरची डिबेट संपली की पुढच्या पाच मिनिटांत आपल्या घरांमध्ये काय होतं, ते तुला मी वेगळं सांगायला नको. सासरे म्हणतात, "याने त्याला पार गप्प केला." नवरा म्हणतो, "छे, मूळ मुद्द्यावर आलाच कुठे तो?" दीर तोवर मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली क्लिप लावतो. तू ताटं आवरत असतेस. कुणी विचारलंच तर म्हणतेस, "मला नाही बाई त्यातलं कळत." हे वाक्य तू सोडावंस म्हणून आज मुद्दाम तुझ्याशी बोलतेय. तुला सगळं कळतं. पण तुझं मत मनात धरायच्या आत दुसऱ्यांची चार मतं येऊन पडतात, आणि मग आपल्याला स्वतःला काय वाटलं होतं तेच हरवतं.

२०२४ सालच्या गौरी आठवतात? ११ सप्टेंबरला, बुधवारी, पूजनाचा दिवस होता. माझ्या ओळखीच्या डोंबिवलीतल्या आणि ठाण्यातल्या दोन-तीन घरांत, जिथली मुलं अमेरिकेत आहेत, सकाळी साडेसहाला एका शेगडीवर पुरणाची डाळ शिजत होती आणि ओट्यावर फोन उभा करून तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची, कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांची, डिबेट लावलेली होती. तिकडे फिलाडेल्फियात मंगळवारची रात्र होती. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या तेव्हा बोलणं त्यावर आलंच. एक म्हणाली, "ती आपणहून त्याच्याकडे चालत गेली, हात पुढे केला, नाव सांगितलं. मला तिथेच आवडली." दुसरी म्हणाली, "हसते मात्र फार." तिसरीला स्प्रिंगफिल्डमधले स्थलांतरित लोक कुत्री-मांजरी खातात, हे ट्रम्प यांचं बोलणं तेवढं माहीत होतं, कारण दुपारपर्यंत तिच्या फोनवर त्याची गाणी आणि चित्रं येऊन पडली होती. त्या गावच्या प्रशासनाकडे असं काही घडल्याची खात्रीलायक माहिती नाही, हे सूत्रसंचालकांनी तिथल्या तिथे सांगितलं होतं. ते मात्र तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

नव्वद मिनिटांहून जास्तच चालली होती ती डिबेट. महागाई, आयातकर, गर्भपाताचा कायदा, युक्रेन, गाझा, सीमेवरून येणारे लोक, एवढे विषय झाले. गर्भपातावरचा भाग तर प्रत्येक बाईने नीट ऐकावा असा होता, कारण अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जुना हक्क काढून घेतल्यावर तिथे राज्याराज्यांत वेगळे कायदे झाले आहेत, आणि आपल्या कितीतरी लेकी-सुना तिथे संसार करतायत. पण आमच्या त्या संध्याकाळच्या गप्पांत हा विषय निघालाच नाही. त्या बायका अडाणी होत्या म्हणून नव्हे गं. डिबेट पाहणं आणि पूजन संपवून चार माणसांत बसणं, या मधल्या बारा तासांत फोनने त्यांच्यासाठी निवड करून टाकली होती.

हे काही व्हॉट्सअपमुळे नवीन सुरू झालेलं नाही. १९७६ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांची डिबेट झाली. पूर्व युरोपवर सोव्हिएत रशियाचं वर्चस्व नाही, असं फोर्ड त्यात बोलून गेले. डिबेट संपल्या संपल्या प्रेक्षकांना विचारलं, तर बऱ्याच जणांना फोर्डच वरचढ वाटले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीवरच्या जाणकारांनी त्या एका वाक्यावर चर्चा लावली, आणि संध्याकाळपर्यंत लोकांचं मत उलटं फिरलं. कार्टर जिंकले, असं आता बहुतेक जण सांगू लागले. चूक फोर्ड यांची होतीच, आणि जाणकारांनी ती दाखवली हे बरंच झालं. पण आपण डोळ्यांनी जे पाहिलं त्याचा निकाल दुसरे लावतात आणि आपल्याला तो आपलाच वाटतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. घरातही तेच होतं. फक्त जाणकारांच्या जागी सोफ्यावर बसलेलं कुणीतरी असतं.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की डिबेट संपली की दहा मिनिटं फोन उचलू नकोस आणि घरातल्या कुणाचं ऐकूही नकोस. किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिही: कुणाचं कुठलं उत्तर मला पटलं, कुठलं पटलं नाही. एकच ओळ. मग खुशाल सगळ्यांचं ऐक. ऐकून मत बदललंस तरी हरकत नाही, पण काय बदललं आणि कशामुळे, हे तुला सांगता येईल.

दुसरं, कोण जिंकलं हा प्रश्नच फार धरून बसू नकोस. फिलाडेल्फियाच्या त्या डिबेटनंतर सीएनएनने ती पाहिलेल्या मतदारांना विचारलं, तेव्हा ६३ टक्क्यांनी हॅरिस वरचढ ठरल्या असं सांगितलं, ३७ टक्क्यांनी ट्रम्प. पाच नोव्हेंबरला मतदान झालं आणि निवडून आले ट्रम्प. लोक खोटं बोलले नव्हते. चांगलं कोण बोललं आणि माझं घर कुणाच्या हाती द्यावं, ही दोन निरनिराळी उत्तरं आहेत, आणि तिथल्या कितीतरी लोकांनी ती निरनिराळीच दिली. त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन आणि ट्रम्प समोरासमोर आले होते. आपल्याकडे ती शुक्रवारची सकाळ होती, २८ तारीख. बायडेन अडखळले, वाक्यं अर्धी सोडली, आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षातली माणसं हादरली. २१ जुलैला त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. तेव्हा प्रेक्षकांना जे दिसलं ते खरंच निर्णायक ठरलं. म्हणजे डिबेटला किंमत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. माणूस दोन मिनिटांच्या वेळेत, समोर टिपण नसताना, माइक बंद होणार हे माहीत असताना कसा विचार करतो, हे बघायची अशी संधी एरवी मिळत नाही.

आणि अगं, बाई पडद्यावर आली की आपण बायकाच आधी तिची साडी, आवाज आणि हसणं बघतो. मराठी वाहिन्यांवर संध्याकाळी एखादी महिला प्रवक्ता ठामपणे बोलू लागली की "किती चढ्या आवाजात बोलते" हे घरात पहिलं कोण म्हणतं, ते जरा लक्ष देऊन ऐक. शेजारच्या चौकटीतला पुरुष तितक्याच आवाजात बोलत असतो. दिसण्याचा हा प्रभाव जुनाच आहे. १९६० साली अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांची पहिली टीव्ही डिबेट झाली. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट तेव्हापासून सगळीकडे सांगतात. तिला पुरावा तसा तोकडा आहे. पण पडद्यावर दिसणारा घाम आणि उतरलेला चेहरा मतावर परिणाम करतो, हे आपल्या घरच्या अनुभवावरूनही पटतं. एखादं उत्तर तू पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून ऐकून बघ. पोळ्या लाटताना आपण तसंही नुसतं ऐकतच असतो, आणि मला तर वाटतं तेव्हाच आपण जास्त नीट ऐकतो.

आता आपल्याकडचं. आपला राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात, त्यामुळे त्या पदासाठी अशी डिबेट होत नाही. पंतप्रधानपदासाठी व्हावी, असा प्रयत्न मात्र झाला. मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या ऐन मध्यावर, निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी या दोघांना जाहीर चर्चेसाठी पत्र लिहिलं. राहुल गांधींनी तयारी दाखवली. भाजपच्या युवा मोर्चाने आपल्या बाजूने एका तरुण पदाधिकाऱ्याचं नाव पुढे केलं. दोन नेते समोरासमोर काही बसले नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तू कुठल्या पक्षाची आहेस हे मी विचारत नाही, पण आपल्या नेत्याला आपल्यासमोर प्रश्न विचारला जाताना बघण्याचा हक्क तुला आहे. रात्री आठ चौकटींत आठ प्रवक्ते एकदम ओरडतात, त्याने तो हक्क पुरा होत नाही.

हा हक्क का हवा, ते आपल्याच भागात दिसतं. कल्याण आणि ठाणे या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत त्या वर्षी २० मेला मतदान झालं. २३ मेला डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दहाहून अधिक माणसं गेली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्याच एमआयडीसीत मे २०१६ मध्ये प्रोबेसचा स्फोट झाला होता, तेव्हाही माणसं गेली होती. मधल्या आठ वर्षांत घातक कारखाने घरांपासून किती दूर गेले, हा प्रश्न मतदानाच्या आधी प्रत्येक उमेदवाराला प्रत्येक सभेत विचारला जायला हवा होता. म्हणून सांगते, डिबेट लागायच्या आधी तुझा स्वतःचा एक प्रश्न ठरवून ठेव. तू एमआयडीसीजवळ राहतेस तर तो रसायनांच्या वासाचा असेल. कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवरच्या २७ गावांतल्या बहिणीचा पाण्याचा असेल, घोडबंदर रोडवरच्या बहिणीचा रस्त्याचा. सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडणारीला ९ जून २०२५ आठवत असेल, मुंब्र्याजवळ भरधाव गाड्यांमधून दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि जीव गेले. तिचा प्रश्न गाड्यांचा असणार. बोलणारा तुझ्या प्रश्नाच्या जवळ तरी आला का, एवढं बघ. नाही आला, तर त्याने कितीही टाळ्या घेतल्या तरी तुझ्यापुरतं उत्तर आलेलं नाही.

महापालिकांचंच बघ ना. कल्याण-डोंबिवलीची निवडणूक २०१५ च्या नोव्हेंबरनंतर झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. दरम्यान पाच वर्षं प्रशासकाचा कारभार. इतक्या वर्षांनी मतदान आलं, आणि काही जागांवर तर समोर दुसरा उमेदवारच उरला नाही, बिनविरोध निवड झाली. तिथल्या मतदार बाईला डिबेट राहू दे, त्या जागेसाठी मतदानही वाट्याला आलं नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. प्रचाराला उमेदवार दाराशी आली आणि बोलायला नवरा किंवा दीर पुढे झाला, तर तू त्यांना आदराने थांबव आणि म्हण, "मला ताईंकडून ऐकायचंय." तुझ्या दारातली तीच डिबेट. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं सगळ्यांना बघायला खुली असतात, त्यात मालमत्ता, शिक्षण आणि चालू असलेले खटले लिहिलेले असतात. प्रश्न विचारायच्या आधी ते एकदा वाच, किंवा मुलाला मोबाइलवर काढून द्यायला सांग.

घरातल्या वादाचं थोडं बोलते, कारण तुझी खरी अडचण तीच आहे, मला माहीत आहे. सासऱ्यांशी भांडू नकोस. "बाबा, तुम्ही म्हणता ते जिंकले, पण पाण्याबद्दल ते नेमकं काय म्हणाले?" एवढं शांतपणे विचार. आठवलं तर ते सांगतील, नाही आठवलं तर तेही पुढच्या वेळी नीट ऐकतील. यात त्यांचा मान कुठे कमी होत नाही. क्लिप आली तर पुढे पाठवण्याआधी विचार, ती किती सेकंदांची आहे आणि तिच्या आधी काय प्रश्न विचारला होता. आणि अमेरिकेतल्या भावाशी, नणंदेशी बोलताना जरा हळुवार राहा. ग्रीन कार्डवाल्याला तिथे राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही. जिच्या निकालाने आपलं घर हलू शकतं अशी निवडणूक तो नुसती बघत असतो. त्याच्या चिडण्यामागे ती काळजी असते, आणि आपण इथे बसून त्याला "तुमचे ट्रम्प, तुमच्या हॅरिस" म्हणून चिडवणं बरं नाही.

तुला कुणी मत विचारलं नाही तरी दे. पुढच्या वेळी घरात डिबेट लागेल तेव्हा ताटं नंतर आवर, सगळ्यांसोबत शेवटपर्यंत बस, वहीतली ओळ लिही आणि घरात पहिलं तू बोल.