मखमली वेस्टकोटाने शिकवलेलं

लंडनमध्ये मी जुन्या कपड्यांच्या जतनाचं काम करते. अठराव्या शतकातले पुरुषांचे, रेशमी मखमलीवर कशिदा केलेले वेस्टकोट या कामात बरेच हाताळले. त्यातून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. आधी पाठ बघावी. पुढून वेलबुट्टी, टिकल्या, जर. पाठीला मात्र साधं लिनन नाहीतर सुती कापड. वरून कोट चढायचा, पाठ बघणार कोण? श्रीमंताचा हात कुठे आखडायचा ते इथे कळतं. पाठीला नाड्या असतील, तर त्या घट्ट-सैल करण्यासाठी.

२. कशिदा आधी, शिंपी नंतर. पुढचे दोन्ही भाग, खिशांच्या झडपा, बटणांवर चढवायची गोल नक्षी, सगळं सलग कापडावर भरून तयार विकलं जाई. गिऱ्हाईक आलं की शिंपी मापाने कापून शिवायचा. कात्री न लागलेली अशी कापडं आजही संग्रहालयांत आहेत.

३. लांबीवरून काळ ओळखावा, पण जपून. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६६ साली दरबारात हा पोशाख आणला, तेव्हा तो गुडघ्यांपर्यंत पोचत असे. पुढे तो आखूड होत गेला. १७९० नंतर कमरेशीच सरळ कापलेला दिसतो. मात्र म्हातारी माणसं तरुणपणची फॅशन सहसा सोडत नाहीत, म्हणून दहा-वीस वर्षांची सूट ठेवावी.

४. खिशाची झडप हळूच उचलावी. एका वेस्टकोटाची मखमल बाहेरून मळकट तपकिरी होती. झडपेखाली बोटभर पट्टा गर्द जांभळा निघाला. तोच खरा रंग. बाकीचा उजेडाने खाल्ला होता. संग्रहालयात अशा कपड्यांवर ५० लक्सच्या आसपास मंद प्रकाश ठेवतात तो यासाठीच.

५. मशीनची टीप दिसली की सावध व्हावं. शिवणयंत्र घरोघर पोचलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा हौशी लोक आजा-पणजांचे वेस्टकोट उसवून, वाढवून सोंगांच्या पार्ट्यांना घालत. पुढचा भाग अस्सल आणि पाठ नवी, असा नग मग पदरी पडतो.

६. जर घासून चमकवू नये. ही जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, बऱ्याचदा वरून सोन्याचा मुलामा. भिंगाखाली बघितलं की तार सुटलेल्या जागी आतलं पिवळं रेशीम डोकावतं. पिवळंच का? तार झिजली तरी सोनं गेल्याचं चटकन दिसू नये म्हणून. घासलं तर मुलामा जातो आणि तारही सुटते. काळवंडलेली जर परवडली.

७. मखमलीला घडी घालू नये. लव एकदा मोडली की पूर्ववत होत नाही, आणि घडीवरची तार तुटते. आडवं ठेवावं, आत आम्लविरहित कागदाच्या मऊ वळकट्या भराव्यात. हातमोजे घालावेत, घामाने चांदी काळी पडते.

तुमच्या घरातही आजोबांची जरीची टोपी किंवा आजीची मखमली चोळी असेल. ती धुवायला टाकू नका. आतली बाजू, शिवणी नीट बघा, फोटो काढा, कुणाची आणि कधीची ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. चिठ्ठी टाचणीने मात्र टोचू नका.