पोळीचा हात आणि गव्हाचा ब्रेड

वीस वर्षं रोज पोळ्या केल्यावर कणकेबद्दल शिकण्यासारखं काही उरलं असेल, असं मला वाटत नव्हतं. गिरणीतून दळून आणलेल्या लोकवनचा, मैदा अजिबात न घातलेला ब्रेड मुलांच्या डब्यात द्यायचा म्हणून कामाला लागले, आणि त्या पोळीच्या सवयीनेच माझे पहिले काही ब्रेड बिघडवले.

पहिल्या दिवशी 500 ग्रॅम पिठात मोजून 400 मिली पाणी घातलं. परातीत चिकट लगदा झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सैल झालंय, मूठभर पीठ लाव." मलाही तेच वाटत होतं. एक मूठ, मग दुसरी, मग तिसरी. पोळीच्या कणकेसारखा गोळा झाला तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. दोन तासांत तो जेमतेम बोटभर वर आला. ओव्हनमधून निघालेला ब्रेड इतका जड होता की सुरीला जोर लावावा लागला.

गिरणीच्या दगडांखाली गव्हातला स्टार्च बराच तुटतो, म्हणून हे पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं. कोंडाही पितो, पण सावकाश. सुरुवातीला सैल दिसणारं पीठ अर्ध्या तासात आपोआप आवळून येतं. तेव्हा पीठ-पाणी नुसतं कालवा, झाकून ठेवा आणि अर्धा तास तिकडे फिरकू नका. मग 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि चमचाभर तेल घालून मळा. हाताला चिकटलं तर पीठ लावू नका, हात ओला करा. दहा-बारा मिनिटांनी लिंबाएवढा गोळा घेऊन हळूहळू ताणून बघा. न फाटता पातळ पडद्यासारखा ताणला गेला की मळणं पुरे. खपलीचं पीठ असं ताणलं जात नाही, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करू नका.

पाककृतीत पीठ फुगायला दीड तास लिहिला होता. मे महिन्याच्या उकाड्यात ते पाऊण तासातच दुप्पट झालं, तरी मी घड्याळाकडे बघत थांबले. तो ब्रेड ओव्हनमध्ये मधोमध खचला. आता टिनमध्ये दुसऱ्यांदा फुगायला ठेवलेलं पीठ मी ओल्या बोटाने दाबून बघते. खळगा लगेच भरला तर अजून थांबायचं. सावकाश, अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घालायचं. उन्हाळ्यात मळायलाच माठातलं पाणी घेते. भाजायला 200 अंशांवर साधारण चाळीस मिनिटं लागतात.

पोळी तव्यावरून थेट पानात वाढतात, म्हणून ब्रेडही मी गरम असतानाच कापला. आत चिकट. निदान दोन तास जाळीवर निवू द्या, आतला ओलावा तोवर स्थिरावतो.

सगळ्यात जपायला हवं ते पावसाळ्यात. पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतो, तसा ऑगस्टमध्ये एक कोमट ब्रेड मी ठेवला. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर पिकून गेलेल्या खरबुजाचा वास आला. वरून बुरशीचा एक ठिपका नव्हता. तुकडा मोडला, तर आतून कोळिष्टकासारखे चिकट धागे ओढले गेले. पिठातल्या जिवाणूंचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत आणि दमट उबेत पुन्हा वाढतात, त्याचा हा परिणाम. असा ब्रेड भाजून किंवा वरचा भाग काढून खाऊ नका, सगळाच टाका. टिन, फळी, डबा साबणाने घासून व्हिनेगरने पुसून घ्या.

जूनपासून 500 ग्रॅम पिठाला मी एक मोठा चमचा व्हिनेगर घालते. ब्रेड पूर्ण निवला की त्याच संध्याकाळी काप करून निम्मे फ्रीझरमध्ये ठेवते आणि सकाळी डबा भरताना लागतील तेवढेच तव्यावर शेकते.