कुलूपबंद घरे

शेंदूरजनाघाटहून वरूड, मोर्शी, परतवाडा असे करीत सातपुड्याचा घाट चढून गेले, म्हणजे चिखलदरा लागते. सुमारे 1,100 मीटर उंचीवरील हे थंड हवेचे ठिकाण आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. भीमाने कीचकास मारून येथील दरीत लोटले, म्हणून हा 'कीचकदरा', अशी लोककथा आहे. 1823 साली कॅप्टन रॉबिन्सन याच्या नजरेस हे पठार पडले आणि वऱ्हाडचा उन्हाळा न सोसणाऱ्या इंग्रज साहेबांनी तेथे बंगले बांधले. कोरकू आणि गवळी मात्र त्यापूर्वीपासूनच या डोंगरांत नांदत होते.

साहेब गेले, पण डोंगरावर आपले एक जास्तीचे घर असावे, ही हौस गेली नाही. स्वतः वर्षातून पंधरा दिवस राहावे, एरवी घर पर्यटकांस भाड्याने द्यावे, नाही तर कुलूप लावावे, अशी ही रीत. लोणावळा, अलिबाग, गोवे येथे अशी घरे पुष्कळ आहेत. चिखलदऱ्यातही पर्यटकांसाठी बांधकामे वाढत आहेत.

यात गावाचे वाईट ते काय, असे तुम्ही विचाराल. पाहुणा भुट्टा घेतो, गवळ्याची रबडी खातो, जीपवाल्यास भाडे देतो. हे खरे आहे, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु शहरचे गिऱ्हाईक आले, की जमिनीचा भाव त्याच्या ऐपतीप्रमाणे चढतो. नवा संसार मांडणाऱ्या गावच्या तरुणास तो पेलत नाही. ज्या गवंड्याने बंगला बांधला, त्यालाच गावात खोली मिळणे कठीण होते. शिवाय कुलूपबंद घरातून शाळेत मूल येत नाही. (जन्म शाळेत गेल्यामुळे मला पटाची काळजी आधी सुचते!) रात्री शेजारी कोणी आजारी पडले, तर त्या घराचे दार ठोठावून उपयोग नसतो.

पाण्याची गोष्ट तर आपणांस सांगावयास नको. संत्र्याच्या बागा जगविण्यासाठी आपल्या भागात विहिरी किती खोल न्याव्या लागतात, हे तुम्ही पाहता. मेळघाटात पाऊस उदंड पडतो. पण काळ्या खडकाच्या उतारांवरून तो वाहून जातो. उन्हाळ्यात कित्येक वस्त्या टँकरची वाट पाहतात, आणि नेमके त्याच दिवसांत पाहुणे थंडाव्यासाठी वर येतात.

हा प्रश्न जगभर आहे. इंग्लंडमधील सेंट आइव्ह्‌ज या समुद्रकाठच्या गावाने 2016 साली मतदान घेऊन ठरविले, की नवे घर बारमाही राहणाऱ्यासच मिळावे. स्पेनमधील बार्सिलोना शहराने पर्यटकांस भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने 2028 पर्यंत संपविण्याचे 2024 साली जाहीर केले. आपल्याकडे महाबळेश्वर–पाचगणी 2001 साली आणि माथेरान 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले, त्यामुळे तेथील बांधकामांवर निर्बंध आले.

चिखलदऱ्याच्या कोरकूंस आणखी एक आधार आहे. 1974 च्या कायद्यान्वये आदिवासींची जमीन शासनाच्या मंजुरीवाचून बिगर आदिवासीस विकत घेता येत नाही. शेजारच्या गवळ्याच्या जमिनीस मात्र हे संरक्षण नाही.