किसान क्रेडिट कार्ड कोणाकडून घ्यावे?



ऊस नोंदीच्या वेळी सभासदांशी बोलताना आम्ही सहज विचारतो की, पीक कर्जाचे कार्ड कोणाचे आहे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "कार्ड तं कार्डच असते भाऊ, कोनाचं घेतलं तं काय फरक पडते?" फरक पडतो आणि तो थोडाथोडका नाही. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर घेतला आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. हल्ली दोन प्रकारची कार्डे कास्तकाराच्या खिशात दिसतात. एक किसान क्रेडिट कार्ड. हे १९९८ साली सुरू झाले आणि नाबार्डने त्याचा नमुना सर्व बँकांना घालून दिला. दुसरे शहरी क्रेडिट कार्ड, ज्यासाठी "साहेब, फुकट आहे" असे फोन येतात. नाव सारखे, पण चाल अगदी निराळी.

समजा, १,२०,००० रुपये लागले. किसान कार्डावर ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज होते ८,४०० रुपये, तेही एक पैशाची सवलत न धरता. शहरी कार्डाची थकबाकी ठेवली तर महिन्याला साडेतीन टक्के हा काही फार मोठा दर समजला जात नाही. त्या दराने एका महिन्याचे ४,२०० होतात. म्हणजे इकडे जे वर्षभरात, ते तिकडे दोन महिन्यांत, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी निराळा. बिलावर 'किमान देय' म्हणून लहानसा आकडा छापलेला असतो. तेवढाच भरून आपण सुटलो असे वाटते, पण उरलेल्या रकमेवर मीटर चालूच राहते. त्या कार्डावर एटीएममधून रोख काढली, तर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. पेट्रोलपंपावर किंवा दुकानात वापरून महिन्याच्या महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला ते सोयीचे असेल. बेणे आणि खतासाठी मात्र त्याला हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नको असलेले कार्ड आले असेल तर बंद करण्याचा अर्ज द्यावा. थकबाकी नसेल तर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे, नाही तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किसान कार्ड सोसायटीमार्फत जिल्हा मध्यवर्ती बँकेचे घ्यावे, राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेचे, की खाजगी बँकेचे? (आपली विदर्भ कोकण ग्रामीण बँक मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामील झाली आहे, हेही ध्यानात असू द्या.)

३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला ७ टक्के दर असतो, आणि मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र सरकारकडून ३ टक्के परत मिळतात. राहिलेला भार राज्य सरकारची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते. पापळचे भाऊसाहेब देशमुख, देशाचे कृषिमंत्री, यांच्याच नावाची ही योजना. २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचे कर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडावे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातले ८,४०० रुपये वाचतात. मुदत चुकली, मग ती एक दिवसाने का असेना, की दोन्ही सवलती गेल्या.

मग सगळीकडे दर एकच, तर निवडायचे काय? इथेच मेख आहे. केंद्राची व्याज सवलत खाजगी बँकेच्या फक्त ग्रामीण आणि निमशहरी शाखेने दिलेल्या कर्जाला लागू होते. अमरावती आणि अकोला ही लाखावर वस्तीची शहरे त्यात बसत नाहीत. शाखा मूर्तिजापूरची, दर्यापूरची की अमरावती शहरातली, हे म्हणून विचारून घ्यावे. चकचकीत काउंटरवर चहा मिळाला, म्हणून सवलत मिळेलच असे नाही.

सोसायटीचा फायदा असा, की गटसचिव गावातला असतो, सातबारा त्याच्या ओळखीचा असतो, आणि राज्याच्या सवलतीची प्रकरणे करण्याची तिथे जुनी वहिवाट आहे. तोटेही सांगितले पाहिजेत. कर्जातून भागभांडवलाची कपात होते. आणि बँकच अडचणीत आली तर ऐन पेरणीत हात रिकामे राहतात. २०१४ च्या सुमारास नागपूर, वर्धा आणि बुलडाणा जिल्हा बँकांचा परवान्याचा प्रश्न चिघळला, तेव्हा आपल्या शेजाऱ्यांनी ते भोगले आहे. राष्ट्रीयीकृत बँकेला ती भीती कमी. पण तिथे साहेब बदलला की फाईल पहिल्या पानापासून सुरू होते, हा अनुभव आम्हालाही आहे.

ऊसवाल्याने मात्र सगळ्यात आधी मुदत पाहावी. केंद्राची सवलत उचल केल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष मिळते. सुरू ऊस जानेवारीत लावला, तर बारा महिन्यांत गणित कसेबसे जमते. पूर्वहंगामी ऊस ऑक्टोबरात लावला, तर वर्ष पुढच्या ऑक्टोबरातच संपते. तेव्हा गाळपाचा भोंगाही वाजलेला नसतो, मग चुकारा कुठून येणार? अशा वेळी सोयाबीनचा पैसा हाती असतो, त्यातून आधी कार्ड भरावे. ज्याच्या वावरात नुसता ऊसच आहे, त्याने परतफेडीची तारीख तोडणीच्या मानाने कशी बसते हे सही करण्याआधी विचारावे, आणि तारीख लिहून घ्यावी. तोंडी तारीख कामाची नाही.

दुसरे विचारायचे ते असे, की मंजूर रक्कम कॅश क्रेडिट खात्यात राहणार, की एकदम बचत खात्यात टाकणार? हे खाते लागेल तसे उचलण्यासाठी आणि जमेल तसे भरण्यासाठी आहे, आणि व्याज उचललेल्या रकमेवरच असते. तेच १,२०,००० रुपये लागवडीला ५०,०००, दोन महिन्यांनी ४०,००० आणि चौथ्या महिन्यात बांधणीला ३०,००० असे उचलले, तर ७ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ८,४०० ऐवजी सुमारे ७,२३३ येते. एकदम उचललेला पैसा घरात पडून राहत नाही, हे तर आपण सगळे जाणतोच.

मर्यादा कशी काढली हेही पाहावे. जिल्हा समितीने ठरवलेला पीकवार कर्जदर गुणिले क्षेत्र, त्यावर घरखर्चासाठी १० टक्के आणि अवजारे-पंप यांच्या दुरुस्तीसाठी २० टक्के, शिवाय विमा. पिकाचे १ लाख झाले तर मर्यादा १,३०,००० च्या पुढे जायला हवी. कार्ड ५ वर्षांचे असते आणि दरवर्षी १० टक्के वाढ धरायची असते. काही ठिकाणी वरचे ३० टक्के धरतच नाहीत, आणि कास्तकारही विचारत नाही. पऱ्हाटी, तूर आणि खोडवा नोंदीत आहेत का, तेही बघा.

तारणाबद्दल थोडे. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत जमीन तारण लागत नाही. वसुलीसाठी कारखान्याशी करार असेल, तर ३ लाखांपर्यंत नुसत्या पिकावर कर्ज देण्याची मुभा बँकेला आहे. ही सवड ऊसवाल्याला आपसूक चालून आली आहे. तिचा उपयोग करणारे फार थोडे.

पण या करारातच एक खड्डा आहे. आमच्या ओळखीच्या एका सभासदाच्या बिलातून कर्जाची कपात झाली. तो निर्धास्त राहिला. रक्कम त्याच्या कर्जखात्यात जमा झाली ती मुदत टळल्यावर. "पैसे तं बिलातूनच कापले, मंग मी थकबाकीदार काहून?" असे तो विचारत होता, आणि कोणाजवळच उत्तर नव्हते. बँक कापल्याची तारीख पाहत नाही, जमेची पाहते. कपातीची पावती हाती आली की आठ दिवसांत पासबुक भरून आणावे, आणि नोंद दिसली नाही तर त्याच दिवशी आमच्या लेखा विभागाला आणि गटसचिवाला, दोघांनाही, लेखी कळवावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.